वॉर्डात २८ पेशंट, रात्री एकटी सिस्टर: चूक कोणाची?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत): वय ३४, जीएनएम (परिचर्येची पदविका), अकरा वर्षं मेडिसिन वॉर्डात. १२० खाटांचं खासगी ट्रस्टचं रुग्णालय. वॉर्ड २८ खाटांचा, इनचार्ज सिस्टर सोडून कागदावर सहा जणी. मॉर्निंग आणि इव्हिनिंगला दोघी असतात. रात्री आठ ते सकाळी आठच्या नाइटला बहुतेक वेळा एकटी. शिवाय महिन्याला दोन-तीन डबल ड्युट्या, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या. गेल्या महिन्यात पहाटे साडेसहाला त्या इन्सुलिनची भरलेली सिरिंज घेऊन चुकीच्या पेशंटकडे गेल्या. रात्री बेड बदललेले होते. 'सिस्टर, मला शुगर नाही,' असं पेशंटच म्हणाला म्हणून निभावलं. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. त्याआधी एका नातेवाइकानं अंगावर हात उगारला, तेव्हा वरून 'सांभाळून घ्या' एवढंच उत्तर मिळालं. रुग्णालयानं ताणमुक्तीसाठी योगवर्ग ठेवला, पण तो ड्युटी संपल्यावर. झोप लागत नाही, घरी मुलावर ओरडणं होतं, पेशंटला नावाऐवजी बेड नंबरनं हाक मारली जाते. परवा सारखी घंटा वाजवणाऱ्या एका आजींवर त्या ओरडल्या. नवरा म्हणतो, नोकरी सोड. त्या विचारतात: 'बाकीच्या करतातच ना? मीच कमकुवत आहे का? मन घट्ट करू की राजीनामा देऊ?'

सिस्टर,

तुमच्या पत्रात 'मी' हा शब्द फार वेळा आला आहे. मी चुकले, मी ओरडले, मीच कमकुवत. पण वॉर्डाचे आकडेही तुम्हीच लिहिले आहेत, म्हणून आधी ते आकडे मांडून बघू. तुमच्या स्वभावाचा निवाडा त्यानंतर करू.

मॉर्निंग, इव्हिनिंग आणि नाइटला प्रत्येकी दोघी धरल्या, तर रोज सहा जागा भरायच्या असतात. वर्षाच्या झाल्या २,१९० पाळ्या. एक परिचारिका वर्षात किती दिवस उभी राहू शकते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या. सण, किरकोळ रजा, आजारपण आणि हक्काची रजा मिळून ३८ दिवस धरले, तर उरतात २७५. सहा जणींच्या झाल्या १,६५० पाळ्या. वर्षाला ५४० पाळ्यांची, म्हणजे महिन्याला ४५ पाळ्यांची तूट पडते. ही तूट कशी भरली जाते तेही तुमच्या पत्रात आहे. ३० रात्री एकीवर काढायच्या आणि उरलेल्या १५ पाळ्या सहा जणींत डबल ड्युटी म्हणून वाटायच्या. प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला अडीच. तुम्ही लिहिलंय, 'दोन-तीन डबल'. धरलेल्या ३८ दिवसांपलीकडे कुणी रजा टाकली नाही, कुणी बाळंतपणाला गेली नाही, तरीही हा वॉर्ड असाच चालणार. दर पाळीला दोघी हव्या असतील तर आठ जणी लागतात आणि तुमच्याकडे सहा आहेत. रजा-राखीव म्हणून ३० टक्के जास्त माणसं धरा, असं परिचर्येच्या निकषांत सांगितलेलं असतं ते याच हिशेबानं.

आणि दोघी तरी पुरेशा आहेत का? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी तीन खाटांमागे एक परिचारिका धरली आहे, म्हणजे तीन पाळ्यांत वाटून दर पाळीला साधारण नऊ खाटांमागे एक. तुमचं रुग्णालय अध्यापनाचं नाही, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लागू करत नाही. अंतर लक्षात यावं म्हणून सांगते. तिथं नऊ आहेत आणि तुमच्या नाइटला अठ्ठावीस.

'बाकीच्या करतातच ना?' या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: जे निभतं ते सुरक्षित असतं. ते खरं नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं तपासली आणि २००२ साली निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, दर परिचारिकेमागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका कामानं करपून जाण्याची (बर्नआउटची) शक्यता २३ टक्क्यांनी वाढत होती. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत. तुमचा थकवा आणि पेशंटचा धोका एकाच ड्युटी लिस्टमधून येतात. म्हणून आपल्या थकव्याबद्दल बोलणं हा स्वार्थ आहे, असं मनात आणू नका.

बाकीच्या खरंच करतात का, तेही एकदा जवळून बघा. कुणाची ॲसिडिटीची गोळी सुटत नसेल, कुणाची पाळी अनियमित झाली असेल, कुणी दोन वर्षं कंबरेला पट्टा बांधून ड्युटी करत असेल. बारा तास लघवी रोखून पुन्हा पुन्हा मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्याही असतात. हे चहाच्या वेळी बोललं जात नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकट्याच.

बेड नंबरनं हाक मारण्याविषयी तुम्ही फार लाजून लिहिलंय. कामानं करपण्याची तीन लक्षणं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी मांडली आहेत. पहिलं, भावनिक पातळीवर पूर्ण रितं होणं. दुसरं, समोरच्या माणसाला माणूस म्हणून न बघता वस्तूसारखं बघू लागणं. तिसरं, आपल्या हातून काही साध्य होत नाही असं वाटणं. तुमचं 'बारा नंबरचं सलाईन संपलं' हे दुसऱ्यात बसतं. २८ जणांचं दुःख एका रात्रीत पेलणं शक्य नसतं, तेव्हा मन दार लावून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणातही हे करपणं आजारांत धरलेलं नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती, असं तिथं म्हटलंय. म्हणजे व्याख्येतच कारण कामाच्या ठिकाणी आहे.

आता इन्सुलिन. सगळ्यात जास्त याबद्दल लिहायचं आहे, कारण तुमची झोप तिथंच अडकली आहे.

साडेसहाला काय घडलं असेल ते ओळखता येतं. पाच जणांचं इन्सुलिन एकदम भरलं, सिरिंजवर चिकटपट्टी लावून बेड नंबर लिहिले, ट्रे घेऊन निघालात. रात्री पेशंट हलला आणि नंबर जागेवर राहिला. शिवाय पहाटे तीन ते सहा शरीराचं तापमान आणि सावधपणा सगळ्यात खाली असतो. वॉर्डाची कामं मात्र त्याच सुमारास एकावर एक येतात: उपाशीपोटीची रक्तं, शुगर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), सहाची इंजेक्शनं, आरटी फीड (नाकातल्या नळीतून अन्न), कॅथेटरच्या पिशव्या, रिपोर्ट बुक. २८ जणांच्या टीपीआर-बीपीला माणशी तीन मिनिटं धरली तरी ८४ मिनिटं जातात. इंजेक्शनाला पाच मिनिटं धरली तर १४० मिनिटं. पाच ते आठ या वेळेत तुमच्या हातात १८० मिनिटं आहेत आणि ही दोनच कामं २२४ मिनिटांची आहेत. त्यात घंटा वाजतात, नातेवाईक येतात, फोन येतो. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या.

तेव्हा उद्यापासून इन्सुलिन एका वेळी एकाच पेशंटचं भरायचं, तेही त्याच्या खाटेशी, केसपेपर समोर ठेवून. सिरिंजवर नंबर लिहायची वेळच येऊ द्यायची नाही. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारू नका. झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीवरचा इनडोअर नंबर जुळवा. बोलता न येणाऱ्या पेशंटची पट्टी आणि केसपेपर दोन्ही बघा. एकाच आडनावाचे दोघं असतील तर दोघांच्या केसपेपरवर लाल पेनानं 'नाव सारखे' लिहा आणि इनचार्जना सांगून खाटा लांब करून घ्या. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपी मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींच्या येतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० ची कुपी लाल टोपणाच्या सिरिंजनं भरली तर डोस अडीचपट जातो, १० च्या जागी २५ युनिट. वॉर्डात दोन्ही प्रकारच्या कुपी एकाच फ्रिजमध्ये, एकाच डब्यात असतील तर आजच वेगळ्या करा. पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्युलही साध्या सलाईनच्या अँप्युलपासून दूर, वेगळ्या कप्प्यात ठेवा.

ही घटना लिहून द्या, असं मी सुचवेन. मेमोची, म्हणजे लेखी जाब विचारला जाण्याची, भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण न लिहिलेली घटना तुमच्या एकटीच्या छातीवर बसते आणि पुढच्या नाइटच्या सिस्टरसमोर तोच सापळा तसाच राहतो. लिहिताना माफीनामा लिहू नका. तारीख, वेळ, ड्युटीवर किती जणी, वॉर्डात किती पेशंट, काय घडणार होतं, कशानं थांबलं, पेशंटला इजा नाही आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय हवं, एवढंच लिहा. आधी इनचार्ज सिस्टरांशी बोला आणि दोघींनी मिळून द्या.

रात्रीची कामं थोडी सरकवताही येतात. यासाठी डॉक्टरांची लेखी ऑर्डर लागते, म्हणून संध्याकाळच्या राऊंडलाच मागून घ्या. बारा तासांनी द्यायचं प्रतिजैविक सहा-सहाऐवजी दहा-दहाला चालेल का? स्थिर पेशंटचा रात्री दोनचा बीपी खरंच हवा आहे का? उपाशीपोटी लागत नाहीत ती रक्तं रात्री दहाला घेतली तर चालतील का? रिपोर्ट बुकाचा बराचसा भाग चारच्या आत लिहून काढा, पाचनंतर फक्त बदल भरा. ओव्हर देताना-घेताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवताना, २८ जणांना सारखा वेळ देऊ नका. जे आठ-दहा जण अवघड आहेत त्यांच्या खाटेशी दोघींनी उभं राहून सलाईनचा वेग, नळ्या आणि ऑक्सिजन एकत्र बघा, आणि प्रत्येकाचं चार ओळींत सांगा: कशासाठी दाखल आहे, आज काय बदललं, काय बाकी आहे, काय झालं तर डॉक्टरांना उठवायचं. कुणाचा बेड बदलला हे ओव्हरच्या सुरुवातीलाच.

तरीही २२४ मिनिटांची कामं १८० मिनिटांत पूर्ण बसणार नाहीत. म्हणून मेट्रनबाईंना (रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुखांना) पत्र लिहावं लागेल. 'आम्हाला फार ताण आहे' असं लिहिलंत तर उत्तर म्हणून आणखी एक योगवर्ग येईल. योग वाईट नाही. पण बारा तास उभं राहिलेल्या बाईला आणखी एक तास थांबवून घेतलेला वर्ग तिच्या झोपेतून कापला जातो, आणि प्रश्न तिच्या श्वासात आहे असं तिलाच सांगतो. त्यापेक्षा चार आठवडे एक साधी वही ठेवा. दर पाळीला चार आकडे: पेशंट किती, सिस्टर किती, जेवायला मिळालेली मिनिटं, राहून गेलेली किंवा उशिरा झालेली कामं. पेशंटची नावं त्यात नकोत. सहाही जणींनी भरावी. मग एका पानाचं पत्र, सगळ्यांच्या सह्यांचं, वर ४५ पाळ्यांचा हिशेब आणि खाली तीनच मागण्या. आठ जणी पूर्ण होईपर्यंत पहाटे पाच ते आठ दुसरी सिस्टर द्यावी, म्हणजे मॉर्निंगच्या एकीनं पाचला येऊन अकराला सुटावं. नाइटला जोडून डबल लावू नये. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम दोघींनी तपासल्याशिवाय जाऊ नये, रात्री एकटी असेल तर शेजारच्या वॉर्डातली सिस्टर किंवा आरएमओ (निवासी डॉक्टर) यांनी तपासावं. पहिली मागणी मी मुद्दाम लहान ठेवली आहे. नवीन पदाला मंजुरी लागते, तीन तासांचा बदल मेट्रनबाई स्वतःच्या सहीनं करू शकतात. दिवसाची इतर पाळी तेवढ्यानं मोडत असेल तर त्या दुसरा मार्ग सुचवतील, तोही ऐका. पत्र आवकमध्ये द्या आणि आवक क्रमांकासह प्रत घ्या. उद्या काही अघटित घडलं, तर ही माहिती आधीच दिली होती हे त्या प्रतीवरून दिसेल.

हात उगारलेल्या नातेवाइकाबद्दल 'सांभाळून घ्या' हे उत्तर पुरेसं नव्हतं. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे आणि परिचारिका त्यात येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५० हजारांपर्यंत. पुन्हा असं झालं तर आधी स्वतः दाराच्या बाजूला या, गार्डला बोलवा, आणि त्याच पाळीत लेखी तक्रार देऊन संस्थेनं पोलिसांत कळवावं अशी मागणी करा. मृत्यूची किंवा प्रकृती बिघडल्याची बातमी डॉक्टरांनीच द्यायची, सिस्टरनं एकटीनं नाही, हा नियम वॉर्डात ठरवून घ्या. बरेच हल्ले त्याच क्षणी होतात. हात लैंगिक हेतूनं लागला असेल, मग तो पेशंटचा असो, नातेवाइकाचा किंवा सहकाऱ्याचा, तर २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

झोपेचं घरच्यांनाही वाचून दाखवा. नाइटनंतर नऊला घरी पोचून स्वयंपाकाला लागणं बंद व्हायला हवं. तो आठवडा तुमची सकाळ नसते, ती तुमची रात्र असते. हलकं खाऊन साडेनऊला अंधाऱ्या खोलीत, फोन बंद, निदान दोनपर्यंत. संध्याकाळी निघण्यापूर्वी आणखी तासभर. ड्युटीवर शेवटचा चहा रात्री दोनच्या आत, नाहीतर सकाळची झोप उडते. सुटल्यावर डोळे मिटत असतील तर गाडीला किल्ली लावू नका, वीस मिनिटं डुलकी घ्या किंवा रिक्षानं जा. शेवटच्या नाइटनंतर सकाळी तीन तासच झोपा आणि रात्री दहाला आडव्या व्हा, म्हणजे चक्र लवकर जागेवर येतं. ड्युटी लिस्ट लावताना मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोसवतो, हेही इनचार्जना सांगा. त्याला पैसा लागत नाही.

तुमच्या थकव्याला शरीराचंही कारण असू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि शुगर एकदा तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लगेच बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतूनही. आणि एक गोष्ट, जी आपल्या पेशात बोलली जात नाही: वॉर्डाच्या कपाटातून झोपेची किंवा वेदनाशामक औषधं स्वतःसाठी घेऊ नका, एकदाही नाही. ती हाताशी असतात, डोस माहीत असतो, म्हणूनच आपल्याला धोका जास्त आहे. सुरू झालं असेल तर लपवू नका, उपचार होतात.

राजीनाम्याचं. तुमचे यजमान काळजीनं बोलतात, त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त नाइटच्या आठवड्यात हा निर्णय करू नका. आधी हक्काची दहा दिवस रजा घ्या, मग विचार करा. वही भरून, पत्र देऊन दोन-तीन महिन्यांत पाच ते आठचा प्रश्नही सुटला नाही, तर सोडण्यात काही कमीपणा नाही. ती वेगळी वाट आतापासून तयार ठेवा: महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू, अनुभवाचं प्रमाणपत्र हातात, मूळ कागद स्वतःकडे. जीएनएमला दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीनंतर शिकवण्याकडे वळता येतं. संसर्ग नियंत्रण, डायलिसिस, शालेय आरोग्य, सरकारी भरती हेही रस्ते आहेत. अकरा वर्षांचा वॉर्ड कुठंही वाया जात नाही. नवीन ठिकाणी पगाराआधी विचारा: नाइटला किती पेशंटमागे किती सिस्टर? पगाराचं माप हवं असेल तर केंद्राच्या समितीच्या २०१६ मधल्या शिफारशी बघा: १०० ते २०० खाटांच्या खासगी रुग्णालयातला पगार सरकारी परिचारिकेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा. ही शिफारस आहे, पण वाटाघाटीत दाखवायला उपयोगी पडते.

शेवटी त्या आजी. माफी मागावी का, असं तुम्ही पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात विचारलंय. मागा. त्या अजून दाखल असतील तर पुढच्या ड्युटीला टीपीआर सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटं त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसा. नावानं हाक मारा. 'आजी, परवा मी ओरडले, तसं नको होतं व्हायला,' एवढंच म्हणा, ड्युटीची कारणं सांगू नका. आणि घंटा का वाजवता ते विचारा. बहुतेक वेळा पाण्याचा तांब्या हाताला लागत नसतो, नाहीतर अंधारात बाथरूमला जायची भीती असते. तांब्या उजव्या हाताला ठेवा, आणि मावशींना सांगा की रात्री दहाला आणि दोनला त्यांना एकदा नेऊन आणायचं.